सुयशच्या गाडीची चाकं

माझ्या गाडीची चाकं बदलली, हे घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं.

नवरात्रातल्या सप्तमीची संध्याकाळ होती. कंपनीच्या बसमधून उतरून पंचवटीतल्या आमच्या गल्लीत शिरले, तर दारात गाडीभोवती घोळका. सासूबाई ओट्यावर उभ्या, माझी मुलगी सृष्टी मोबाइलवर फोटो काढतेय, शेजारचे दोघं गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघतायत आणि मधोमध माझा दीर धवल. सकाळी त्यानेच सांगितलं होतं, "वहिनी, आज बसने जा, मी गाडी धुऊन आणतो." तेव्हाच मला वाटलं होतं, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय! गाडी धुतली होती, नाही असं नाही. पण तिची चारही चाकं गायब होती आणि त्यांच्या जागी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची चंदेरी, चकचकीत, रुंद चाकं लागली होती.

"सरप्राइज!" धवल म्हणाला.

चाकं सुयशच्या गाडीची होती. सुयश हा धवलचा मित्र. त्याची लांब डिकीची मोठी गाडी आहे, तिला त्याने आणखी भारी अलॉय चाकं घेतली आणि जुनी धवलला दिली. "चार नट हिला, चार नट तिला. मधलं अंतर सेम टू सेम," धवल मला समजावत होता. "गॅरेजवाल्या गोटीरामने तासाभरात बसवून दिली."

मला अशा गोष्टी समजावून सांगाव्या लागतात, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटतं. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. एक भाग दुसऱ्या भागात नीट बसलाय की नुसता बसल्यासारखा दिसतोय, हे तपासायचा मला पगार मिळतो. मी नापास केलेला माल मालकाच्या मेव्हण्यालाही गेटबाहेर काढता येत नाही. पण मी स्वतः गेटबाहेर पडले की माझं क्वालिटी खातं बंद. घरी मी वहिनी.

या सगळ्या थाटाचं कारण दसरा. दसऱ्याला आम्हाला सटाण्याला जायचं होतं, धवलच्या लग्नाची सुपारी फोडायला. मुलगी आभा. तिच्या वडिलांचं तिथे औषधांचं दुकान, आणि तीही तेच शिकून आता दुकान सांभाळते. बघाबघी झाली होती, दोघं फोनवर बोलत होते, आता मोठ्यांनी एकत्र बसून पक्कं करायचं तेवढं राहिलं होतं. धवलचं म्हणणं असं, की मुलीच्या दारात गाडी उभी राहिली की लोक आधी चाकं बघतात, मुलगा नंतर.

गाडी माझी. माझ्या नावावर, माझ्या पगारातून घेतलेली. धवलला स्वतःची गाडी नाही, पण गल्लीत कोणालाही विचारा, ती 'धवलची गाडी'. शनिवार-रविवार ती त्याच्याकडे असते, आणि सोमवारी सकाळी मला तिच्यात वेफर्सची रिकामी पाकिटं मिळतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. आता तर नागोबाने बिळाची डागडुजीही सुरू केली होती.

"माझी चाकं कुठायत?" मी विचारलं.

"गोटीरामच्या दुकानात पडलीत. ती काळी डबडी कोण चोरतंय?"

सगळे हसले. सृष्टीसुद्धा हसली, ते मला जास्त लागलं.

थोड्या वेळाने वेणीमाधव आले. वेणीमाधव म्हणजे माझे यजमान, धवलचे थोरले भाऊ. रामकुंडावर त्यांचं पौरोहित्य आहे, पंचवटीत त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांना फोनवर आधीच कळलं होतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, "शोभतायत," म्हणाले आणि हातपाय धुवायला आत गेले. विषय संपला.

माझा संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी, अष्टमीला, मी गाडी घेऊन कामावर निघाले. द्वारका चौकापर्यंत काही जाणवलं नाही, कारण तिथपर्यंत गाडी चालत नाही, नुसती सरकते. पुढे कालिकेच्या यात्रेची गर्दी. उड्डाणपुलावर चढून जरा वेग घेतला आणि स्टिअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं. रस्त्याला दोष द्यावा तर पूल गुळगुळीत होता. अंबडला उतरून वळण घेतलं तेव्हा पुढच्या डाव्या चाकातून टक् असा आवाज आला. पुढच्या वळणावर पुन्हा.

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन चाकापुढे बसले. बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

गोष्ट अगदी साधी आहे. माझ्या गाडीच्या नटांचं तोंड निमुळतं, भोवऱ्यासारखं. माझ्या जुन्या चाकांची भोकंही तशीच निमुळती, त्यामुळे नट आवळला की आत रुतून बसतो आणि चाक धरून ठेवतो. सुयशच्या चाकांची भोकं वाटीसारखी गोल, कारण त्याच्या गाडीचे नटही गोल तोंडाचे. धवलने त्याच्याकडून चाकं आणली, नट आणले नाहीत. गोटीरामने माझेच नट लावून पाना ओढला. वाटीत भोवरा ठेवला तर किती टेकेल? तेवढाच नट टेकलेला, एका बारीक कडेवर. त्यात चाकाचं मधलं भोकही माझ्या गाडीला मोठं, म्हणजे सगळा भार त्या नटांच्याच जिवावर. अंतर सारखं म्हणून चाक चढलं होतं, एवढंच. चढलेलं चाक बसलेलं असतंच असं नाही. असा माल माझ्या टेबलावर आला असता तर मी त्याच्यावर लाल शिक्का मारला असता आणि पाठवणाऱ्याला बोलावून झापलं असतं.

नटांभोवती चंदेरी रंगावर काळसर भुकटी जमली होती. धातू धातूला खातोय, त्याची ती खूण. मी डिकीतला पाना काढून सगळे नट आवळले. पण आवळून काय उपयोग? टेकायला जागाच चुकीची.

संध्याकाळी मी गाडी सावकाश, बैलगाडीसारखी घरी आणली आणि चपला काढायच्या आधी धवलला गाठलं.

"नट चुकीचे आहेत. उद्याच्या उद्या माझी चाकं परत लावून आण."

"वहिनी, नट म्हणजे नट. त्यात बरोबर-चूक काय?"

"स्टिअरिंग थरथरतंय."

"नवीन चाकं आहेत ना. सेट व्हायला वेळ लागतो."

"चाक काय सासरी आलंय का, सेट व्हायला?"

यावर तो असा हसला, जणू मी विनोद केला होता. मी कागद घेतला, नट काढून दाखवला, भोक काढून दाखवलं. त्याने कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "गोटीरामने लय गाड्यांना लावलीत वहिनी. त्याचा धंदा आहे तो." माझाही धंदा आहे रे बाबा! पण ते कोणाच्या गावी नव्हतं.

"किती खुसपटं काढशील?" सासूबाई म्हणाल्या. "पोराने हौसेने केलंय. एका शुभकार्याला निघालोय आपण, जरा तोंड गोड ठेव."

मी वेणीमाधवांकडे वळले. "अहो, परवा आपण भावडबारीचा घाट उतरणार. मागे आई बसलेल्या असतील, सृष्टी बसलेली असेल. डावं चाक घाटात निघालं तर काय होईल?"

"अशुभ बोलू नकोस," ते म्हणाले. "परवाचा दिवस जाऊ दे, मग बघू."

म्हणजे चाक निघणं अशुभ नाही, निघेल असं बोलणं अशुभ. त्या रात्री मी कोणाशी बोलले नाही. कोणाला फारसं जाणवलंही नाही.

नवमीला सकाळी उठून बघते, तर डिकीतला पाना आणि जॅक दोन्ही देवघरापुढच्या पाटावर. खंडेनवमी ना! सासूबाईंनी विळी, सुरी, हातोडी, माझी शिवणाची कात्री, सगळं झेंडूच्या फुलांखाली मांडलं होतं. खंडेनवमीला अवजारं पूजेला बसतात. बसली की दसरा होईपर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. मी पान्याकडे नुसतं बघितलं, तरी सासूबाई म्हणाल्या, "खबरदार."

आमच्या कारखान्यातही त्याच सकाळी यंत्रांची पूजा असते, आणि ती सांगायला वेणीमाधवच येतात. ते काम त्यांना मीच मिळवून दिलंय. आम्ही दोघं सावकाश गेलो, पूजा झाली, पेढे झाले आणि परत निघालो. येताना थरथर एवढी वाढली होती, की शेजारच्या सीटवर गुरुजींच्या उपरण्याची टोकं हलत होती. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी घराकडे वळलेच नाही. सरळ दिंडोरी रोडला गाडी घातली आणि गोटीरामच्या दुकानापुढे उभी केली.

"इथे कशाला?" ते म्हणाले.

"माझी चाकं इथे आहेत."

गोटीरामच्या दुकानात दसऱ्याचा थाट होता. लाल कापडावर लहानमोठे पाने ओळीने मांडलेले, मोठा जॅक, हवेची गन, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू, पुढे नारळ. एरवी ग्रीसमध्ये बुडालेला गोटीराम पांढरा शर्ट घालून प्रसादाचं ताट घेऊन उभा होता. मागे कोपऱ्यात माझी चारही काळी चाकं एकावर एक रचलेली दिसली. माहेरचं माणूस दिसावं तसं वाटलं मला.

"गोटीराम, ही चाकं काढ आणि माझी लाव. आत्ता."

"वहिनी, आज नाय. आज पान्याला हात नाय लावायचा. उद्या दसरा हाय, परवा या."

"परवा कशाला येऊ? उद्या आम्ही सटाण्याला निघतोय. तू नट चुकीचे लावलेत."

"नट कुठं चुकीचे असत्यात? लय गाड्यांना लावलेत. काय नाय होत." आणि त्याने माझ्या हातावर प्रसाद ठेवला.

तोवर धवल आलाच. वेणीमाधवांनी त्याला फोन केला होता, माझ्याशेजारी उभं राहून, हळूच. तो सुयशच्या मोटरसायकलवरून उतरला आणि "वहिनी, इथे तमाशा नको," म्हणाला. मी अजून आवाजही चढवला नव्हता. पण बाई गॅरेजमध्ये उभी राहून बोलली की तो तमाशाच असतो.

"तमाशा घाटात होईल," मी म्हणाले. "गोटीराम, पाना उचल."

गोटीराम अडचणीत आला. मग त्याला तोडगा सुचला. "गुरुजी हायेत की हितं! गुरुजी, तुमीच सांगा. आज अवजार उचललेलं चालतंय का?"

सगळे वेणीमाधवांकडे बघायला लागले. मीही बघत होते. मनात म्हटलं, बोला हो, आता तरी बोला. त्यांनी धवलकडे पाहिलं. मग पान्यांकडे पाहिलं. उपरणं सावरलं.

"नाही," ते म्हणाले. "तसं चालत नाही. परंपरा आहे."

इतका वेळ मी गोटीरामवर चिडले होते, धवलवर चिडले होते. त्या एका वाक्यानंतर ते दोघं माझ्या डोक्यातून पार निघून गेले.

कारण मागच्या खंडेनवमीला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या कारखान्यात पूजा आटोपली आणि मालकाला फोन आला, की माल त्याच दिवशी पाठवायला हवा. मालकाने विचारलं, "गुरुजी, मशीन सुरू केली तर?" तेव्हा हेच वेणीमाधव हसून म्हणाले होते, "अहो, उत्तरपूजा करून घेऊ. अक्षता वाहिल्या, देवतांना निरोप दिला, की झालं. दोष नाही." पाच मिनिटांत उत्तरपूजा झाली, दुपारी मशीन धडधडायला लागली, आणि गुरुजींना मालकाने गाडीने घरी सोडलं.

हे सगळं मी तिथे, त्या रस्त्यावर, गोटीराम आणि धवल आणि चहाच्या टपरीवरची चार माणसं ऐकत असताना बोलून दाखवलं. आता मात्र आवाज चढलेला होता.

"ती वेळ वेगळी होती," वेणीमाधव पुटपुटले.

"वेळ तीच होती. खंडेनवमीच होती. तिथे मालक विचारत होता, इथे बायको विचारतेय, एवढाच फरक."

त्यांनी पुन्हा उपरणं सावरलं. बोलले असते तर कदाचित मी पुढचं केलं नसतं. मी दुकानाबाहेर चपला काढल्या. पिंपातल्या पाण्याने हात धुतले. ताटातल्या अक्षता घेतल्या आणि त्या लाल कापडापुढे बसले. इतकी वर्षं आमच्या घरात रोज कोणाच्या ना कोणाच्या पूजेची तयारी होते. फुलं मी निवडते, दूर्वांच्या जुड्या मी बांधते, आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता तेच ते मंत्र ऐकते. माझे पाठ आहेत हे कोणाला माहीत नव्हतं, कारण कोणी कधी विचारलं नव्हतं.

"यान्तु देवगणाः सर्वे," मी सुरुवात केली. मोठ्याने. शेवटच्या 'पुनरागमनाय च'पर्यंत एक अक्षर अडखळले नाही. अक्षता वाहिल्या, मोठ्या पान्यावरचं झेंडूचं फूल नारळापाशी ठेवलं आणि पाना उचलला.

"दादा, तू काही बोल ना!" धवल म्हणाला.

दादाने हात जोडले होते, सवयीने.

मी पुढच्या डाव्या चाकापाशी बसले. काल दुपारी मी स्वतः अंगाचा जोर लावून आवळलेले नट. पहिल्याला पाना लावला आणि तो जोर न लावताच फिरला. दुसऱ्याला पाना लावायची गरजच पडली नाही, तो मी बोटांनी काढला. बरणीचं झाकण काढावं तसा. तळहातावर ठेवला आणि धवलपुढे धरला.

"झालं सेट?" मी विचारलं.

धवलचा चेहरा पांढराफटक पडला. गोटीराम ताट खाली ठेवून आला, वाकला, भोकात बोट घालून बघितलं. वाटीची कड एका बाजूने कुरतडल्यासारखी झाली होती. तो उठला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि जॅक ओढत आणला. परंपरा वगैरे त्याला पुन्हा आठवली नाही. चारही चाकं निघाली, माझी चारही लागली, आणि या वेळी प्रत्येक नट आवळताना मी शेजारी उभी होते.

आता ऐका. शेवटचा नट आवळून गोटीराम उभा राहिला, हात पुसले आणि वेणीमाधवांच्या पाया पडला. "बरं झालं गुरुजी, तुमी हितं होता म्हणून!"

घरी आलो. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. सृष्टीला जवळ ओढून तिच्या तोंडावरून हात फिरवला, वणीच्या दिशेने हात जोडले आणि म्हणाल्या, "सप्तशृंगीनेच वाचवलं गं. तिचीच कृपा." मी समोर उभी होते, हाताला ग्रीस लागलेलं होतं. मी म्हणाले, "आई, कृपा तिची असेल. पाना मी उचलला." त्या म्हणाल्या, "तुला बुद्धी तिनेच दिली ना?" कपाळावर हात मारून घेतला असता, पण कपाळाला ग्रीस लागलं असतं.

रात्री जेवताना धवल म्हणाला, "वहिनी, तू नीट समजावून सांगायला हवं होतंस. नुसती चिडत होतीस ना, म्हणून लक्षात आलं नाही." माझा घास हातातच राहिला. मी कागदावर नट काढून दाखवला होता! वेणीमाधव मान खाली घालून भात कालवत होते. खूप वेळ कालवत होते.

दसऱ्याला आम्ही सटाण्याला निघालो. गाडी मी चालवत होते, आणि या वेळी ते मी कोणाला विचारलं नाही. धवल शेजारी बसून काळ्या चाकांबद्दल हळहळत होता, "निदान टोप्या तरी लावायच्या होत्यास." भावडबारीच्या उतारावर स्टिअरिंग माझ्या हातात शांत होतं. मागे सासूबाई जप करत होत्या. मी आरशात सृष्टीकडे बघितलं. ती कानात गाणी घालून झोपली होती. मला एकदम रडू आलं आणि त्याचाही राग आला.

आभाच्या घरी स्वागत चांगलं झालं. शेजारच्या एक आजी दारात येऊन "गाडी तुमनीच शे का?" म्हणून विचारून गेल्या. धवल "हो" म्हणाला. बैठकीत मधोमध पाटावर ताट ठेवलं होतं, त्यात सुपाऱ्या, हळदकुंकू, अडकित्ता आणि पेढे. आभाचे वडील म्हणाले, "रस्त्यात त्रास नाही ना झाला?" आणि धवलला आयतं निमित्त मिळालं.

"आज नाही, काल झाला," तो म्हणाला. "गाडीतून जरा आवाज येत होता. मला लगेच शंका आली. चाकाचे नट सैल होते! आम्ही ताबडतोब गॅरेज गाठलं."

"खंडेनवमी होती," वेणीमाधव म्हणाले. "गॅरेजवाला अवजाराला हात लावेना. मग तिथल्या तिथे उत्तरपूजा करून घेतली. शास्त्रात सोय आहे तशी."

आभाचे वडील वा म्हणाले. आई वा म्हणाल्या. सासूबाईंनी पुन्हा वणीकडे हात जोडले. मला वाटलं, आपण खरंच तिथे होतो का? की ग्रीस माझ्या हाताला असंच लागलं होतं?

"सैल का झाले?" आभाने विचारलं. ती आईशेजारी बसली होती, इतका वेळ गप्प होती.

"म्हणजे, नवीन चाकं लावली होती ना," धवल म्हणाला. "सुयशची."

"नवीन चाकं लावली म्हणून नट सैल कसे होतील?"

धवल वेणीमाधवांकडे बघायला लागला. वेणीमाधव पेढ्यांकडे.

"ते मला विचार," मी म्हणाले.

"यशश्री," वेणीमाधव दबक्या आवाजात म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी आभाला सगळं सांगितलं. निमुळता नट, गोल भोक, काळी भुकटी, अष्टमीचा कागद, खंडेनवमीचा नकार, मागच्या वर्षीचा मालक. अक्षता कोणी वाहिल्या आणि नट कोणी काढला, तेही सांगितलं. सासूबाई माझा पदर ओढत होत्या.

आभा माझ्याकडे बघत होती. "गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग चाकं बदलायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं का?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नटांवरून मी भांडले होते. घाटावरून भांडले होते, परंपरेवरून भांडले होते, भर रस्त्यात ओरडले होते. पण हा एवढा साधा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. चाकं बरोबर बसली असती, तर मी गप्प बसले असते. इतकी मला सवय झाली होती.

"नाही," मी म्हणाले.

आभाने मान हलवली. मग ती वडिलांकडे वळली. त्यांच्या हातात अडकित्ता होता.

"बाबा, आज सुपारी फोडू नका. मला विचार करायचाय."

धवल उठून बाहेर गेला. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या घरातलं काही मी जाळून टाकलंय. वेणीमाधव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, आणि तो मंत्र नव्हता. मला वाईट वाटावं, अशी सगळ्यांची अपेक्षा दिसत होती. मी ताटातला एक पेढा उचलला आणि खाल्ला.